दहावी हलकी गोळी

१

मेरिल शिफ्टवरून घरी आली तेव्हा तिचा बाप गॅरेजमध्ये बसून स्वतःचं नाव पुसत होता.

टेबलावरच्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक खोक्यावर काळ्या मार्करने 'ई. तुस्कानो' लिहिलेलं होतं, आणि एलायस तुस्कानो, वय बहात्तर, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक नाव काढत बसला होता. बाजूला केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात त्याचं काडतुसं भरायचं यंत्र, तराजू आणि पितळी पुंगळ्या रचून ठेवलेल्या.

"डॅडी, हे काय चाललंय?"

"विकायचंय. माझं नाव असलं तर कोण घेणार?"

मेरिलच्या डोक्यात तिडीक गेली. तशी ती जायला फार काही लागायचं नाही. वसईत बारावी अर्धवट सोडली ती एका मास्तरच्या तोंडावर वही फेकून. इथे कॅनबेरात, गुंगालिनला येऊन लाइट रेल, म्हणजे ट्राम चालवायला लागली, तर पहिल्याच महिन्यात रुळावर उभा राहून सेल्फी काढणाऱ्याला असं झापलं की डेपोत अजून त्याची आठवण काढतात. पण डोळा तिचा घारीचा.

त्या डोळ्याला स्टुलावरचा कागद दिसला. टाइप केलेला, इंग्रजी. वर क्लबच्या कमिटीचं नाव, खाली सहीला जागा. मधे असं, की रविवारच्या अपघाताला मी भरलेलं काडतूस जबाबदार आहे, वयामुळे माझ्याकडून चूक झाली, मी लायसन्स परत करतो.

"हे तू लिहिलंस?"

"क्लबातल्या दत्तप्रसादने टाइप करून दिलं. चांगला आहे बिचारा. चिवडाही घेऊन आला होता."

रविवारची गोष्ट सगळ्या कॅनबेराच्या मराठी मंडळींत आतापर्यंत पोचली होती. शहरापासून पाऊण तासावर, मेंढ्यांच्या कुरणापलीकडे त्यांचा छोटासा नेमबाजीचा क्लब. त्या दिवशी सकाळी क्लबची रायफल नचिकेतच्या हातात फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पोरगा एकोणतीस वर्षांचा, सॉफ्टवेअरवाला, आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेलं.

आणि फुटलं ते काडतूस एलायसने भरलेलं होतं.

एलायस दोन जातीची काडतुसं भरायचा. एक पूर्ण ताकदीची, लांबच्या निशाण्यासाठी. दुसरी हलकी. हलकीत पुंगळी तीच, रायफलही तीच, पण दारू चिमूटभर आणि पुढे रायफलच्या लांब गोळीऐवजी पिस्तुलाची बुटकी, वजनाला कमी गोळी. आवाज कमी, धक्का कमी. नवखा माणूस पहिल्याच दिवशी खांदा धरून घरी जात नाही. क्लबातल्या अर्ध्या लोकांनी रायफल पहिल्यांदा हातात धरली ती या हलक्या गोळ्यांच्या जिवावर.

पण दोन्हींची दारू वेगळी. हलकीची दारू झटकन पेटणारी. ती चुकून पूर्ण ताकदीच्या पुंगळीत काठोकाठ भरली तर रायफल राहत नाही, बॉम्ब होतो.

"सगळे म्हणतात मी डबे बदलले," एलायस म्हणाला.

"टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात. लहानपणापासून तुझं हेच ऐकलंय मी. अंबरनाथला टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलीस, एक बोट कापलं नाहीस."

"तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो, बाय." त्याने बोळा खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "तू आत जातेस ना? गॅस बंद आहे का बघ जरा. सकाळपासून तीनदा बघितला. आठवत नाही."

गॅस बंद होता. मेरिल ओट्यापाशी नुसती उभी राहिली. लायसन्स गेलं तर गेलं. यंत्र विकलं तर विकलं. पण हा माणूस शनिवारी त्या कागदावर सही करणार, आणि मग आयुष्यभर स्वतःच्या हातावर विश्वास ठेवणार नाही. चमचा उचलतानासुद्धा विचारेल, बाय, बरोबर आहे ना?

आज गुरुवार होता.

२

"फोटो दाखव," ती परत येऊन म्हणाली.

"मी नाही बघितला. त्यात रक्त आहे."

क्लबचा अध्यक्ष विश्राम. त्याने ग्रुपवर टाकलेला फोटो एलायसच्या फोनमध्ये होता. मेरिलने तो उघडला, मोठा केला. टेबलावर रायफल. लाकूड चिरलेलं, नळी केळ्याच्या सालीसारखी उकललेली. रक्तही होतं. ते तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

"डॅडी, बॉम्ब झाला तर फुटणार कुठे? काडतूस बसतं तिथे ना?"

"मागे. मारणाऱ्याच्या तोंडाजवळ. बोल्ट उडतो, चेहरा जातो माणसाचा."

"मग हे बघ. मागचं सगळं शाबूत आहे. फुटलीय ती मधोमध, डावा हात धरतो तिथे. नचिकेतचा चष्मासुद्धा बाजूला पडलाय, त्याला ओरखडा नाही."

एलायसने पहिल्यांदा फोन हातात घेतला. चाळिशी कपाळावरून खाली ओढली. बघता बघता त्याचा म्हातारा चेहरा टूलरूममधल्या माणसाचा झाला.

"बागेतला पाइप मधे कशाने तरी तुंबला आणि मागून पाणी जोरात सोडलं, तर कुठे फुगतो?"

"तुंबला तिथेच."

"हां. नळीत आधीच काहीतरी अडकलेलं होतं. नचिकेतची गोळी त्याच्यावर जाऊन आदळली." त्याने फोन खाली ठेवला. "म्हणजे पूर्ण ताकदीचं काडतूस बरोबर होतं."

"सांगत होते ना मी."

"अगं पण अडकलं काय?" त्याचा आवाज परत खाली गेला. "नळीत मधेच थांबेल एवढी अशक्त एकच गोष्ट असते त्या क्लबात. माझी हलकी गोळी. दारू कमी पडली असेल. म्हणजे डबे नाही बदलले, मापात चुकलो. एकच की गं ते."

त्याने सहीसाठी पेन शोधायला खिसा चाचपला. मेरिलने पेन आधीच उचललेलं होतं.

"शनिवारपर्यंत हे माझ्याकडे," ती म्हणाली.

३

शुक्रवारी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. मेरिलने गाडीतूनच विश्रामला फोन लावला.

"काका, रविवारी क्लबच्या रायफलवर कोण कोण होतं? नोंदवहीत काय आहे?"

"सकाळी सकाळी पोलीस झालीस का गं?" विश्राम जांभई देत म्हणाला. "थांब. हां. आधी मी, दहा हलक्या. मग ती नवीन पोरगी मिताली, दहा हलक्या. मग नचिकेत, पूर्ण ताकदीची. पहिल्याच गोळीला झालं ते."

"आणि दत्तप्रसाद?"

"तो स्वतःच्या रायफलवर. दहा, पूर्ण ताकदीच्या. हलक्यांना तो हातही लावत नाही, पोरखेळ म्हणतो. मेरिल, ऐक. एलायसवर माझा राग नाही. पण मी कमिटीत दोन वर्षं सांगतोय, घरी भरलेली काडतुसं बंद करा. आता झालं ना?"

मेरिलने उत्तर न देता फोन ठेवला. हा तिच्या मते सभ्यपणाच होता.

हॉस्पिटलमध्ये नचिकेत खिडकीकडे तोंड करून बसला होता. डावा हात बोळ्यासारखा गुंडाळलेला. तिला बघून तो वळला, हसला नाही.

"एलायस काकांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"बरं झालं. मला त्यांच्याशी काय बोलायचं कळत नाहीये. आठ बोटांनी टाइप करतात लोक, मान्य. पण ते माझी माफी मागणार, मी इट्स ओके म्हणणार. आणि इट्स नॉट ओके, मेरिल."

तिने खुर्ची ओढली. माफीबिफी काही बोलली नाही.

"तुझ्या आधी मिताली होती. तू तेव्हा कुठे होतास?"

"दुर्बिणीवर. तिच्या गोळ्या कुठे पडतात ते मी ओरडून सांगत होतो. बिचारी नवीन आहे. एक टार्गेटच्या खाली, मागच्या मातीच्या बांधावर लागली, माती उडाली. मग चार बरोबर. परत एक मातीत, तशीच. मग बरोबर."

"मातीत दोन?"

"दोन. माती उडाली की लहान मुलासारखं बरं वाटतं बघायला, त्यामुळे लक्षात आहे. शेवटी शेवटी मी चहा आणायला उठलो."

"ती प्रत्येक गोळीच्या आधी काय करायची?"

"काकांनी शिकवलंय तेच. सगळेच करतात." त्याने उजव्या हाताने हवेत दाखवलं. "काडतूस आत घातलं की बॅरल सावकाश आभाळाकडे, मग सावकाश खाली. पुंगळी मोठी आणि दारू चिमूटभर असते ना, ती आत सांडलेली असते कुठेतरी. वर केलं की मागे येते, ठिणगीपाशी. दत्तप्रसादला ते बघवत नाही. कमिटीत यावर भांडण झालं होतं. नियम आहे ना, नळी कायम बांधाकडेच. सगळ्यांनी हलक्या गोळीपुरती परवानगी दिली, तो एकटा विरोधात."

"आणि नाही केलं वर, तर?"

"काका म्हणायचे, थंडीत तर करायचंच. नाहीतर दारू नीट पेटत नाही, आवाज फुसका येतो." तो बोलता बोलता थांबला. स्वतःच्या गुंडाळलेल्या हाताकडे बघत राहिला. "तू हे का विचारतेयस?"

मेरिल उठली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मधल्या कुठल्या गोळीने नळी तुंबली असती, तर पुढची गोळी मारणाऱ्याच्याच हातात रायफल फुटली असती. फुटली नचिकेतच्या पहिल्या गोळीला. म्हणजे अडकली ती त्याच्या आधीची शेवटची. नोंदवहीप्रमाणे ती मितालीची दहावी.

४

मिताली चाइल्डकेअरमध्ये कामाला होती. दुपारी घरी सापडली. सव्वीस वर्षांची, शेलाटी, हाताला पोस्टर-कलर लागलेले. मेरिलला बघून तिने चहाचं आधण ठेवलं ते दोघींना पुरून उरेल एवढं. घाबरलेल्या माणसाचं माप चुकतंच.

फ्रिजवर मॅग्नेटने रविवारचं टार्गेट लावलेलं होतं. कागदाला भोकं.

"पहिलंच आहे," मिताली म्हणाली. "काढणार होते, पण आईला फोटो पाठवला होता, तिने विचारलं असतं."

मेरिलने भोकं मोजली. परत मोजली. बोट ठेवून मोजली. ट्राम चालवणाऱ्या बाईला दार बंद व्हायच्या आत फलाटावरची माणसं मोजायची सवय असते.

"किती मारल्यास?"

"दहा. नोंदवहीत सही आहे माझी."

"सात भोकं. दोन मातीत, नचिकेतने बघितल्या. सात आणि दोन किती?"

मितालीने साखरेचा डबा उघडला, परत बंद केला.

"चाइल्डकेअरमध्ये असतेस, पोरांना शिकवत असशील."

"एक बाहेर गेली असेल ताई, कुठेतरी."

"तिथे बांध एवढा मोठा आहे की हत्ती लपेल. कुठे जाते बाहेर?" मेरिलचा आवाज चढला. "माझा बाप दिवसातून दहादा गॅस बघतोय तुमच्यामुळे. उद्या सही करणार आहे तो. आणि तू मला कुठेतरी सांगतेस."

आधण उतू गेलं. मितालीने गॅस बंद केला आणि तिथेच, ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मेरिलला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायची कला तिला कधी जमली नव्हती. तिने फडकं घेतलं आणि सांडलेलं पुसायला लागली.

"मी बॅरल वर करत होते," मिताली भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "प्रत्येक वेळी. देवाशपथ."

"माहीत आहे. म्हणूनच तुझी अडकली नाही. नऊ मारल्यास, नऊच्या नऊ पोचल्या. चार वर्षांत माझ्या बापाची एक हलकी गोळी अडकलेली नाही, कारण ती मारणारा प्रत्येक माणूस बॅरल वर करतो." मेरिलने फडकं पिळलं. "दहावी ज्याने मारली त्याने केलं नाही. अख्ख्या क्लबात न करणारा माणूस एकच आहे. आणि तो आजवर हलक्या गोळीला शिवला नव्हता, म्हणून त्याची कधी अडकलीही नव्हती."

मिताली वळली.

"मी नाव घेतलेलं नाही," ती पटकन म्हणाली.

"नकोच घेऊस. फक्त सांग, रायफल तुझ्या हातातून का घेतली?"

"दोन मातीत गेल्या ना खालीच. तो म्हणाला, निशाणा सरकलाय का बघतो, एक दे. झोपून मारली. आवाज असा... फुगा फुटायच्या आधी हवा जाते तसा. मला वाटलं हलकीचा असाच येत असेल. तो दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, आणि रायफल स्टँडवर ठेवली. नंतर म्हणाला, नोंदीत दहा तुझ्याच दाखव, एका गोळीसाठी वेगळी ओळ नको." ती नाक पुसत म्हणाली, "माझ्या लायसन्सच्या फॉर्मवर त्याची सही लागते, ताई. माझ्या शब्दाला कोण विचारणार त्याच्यापुढे?"

ते खरं होतं. दत्तप्रसाद क्लबचा सेफ्टी ऑफिसर. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. एका नवख्या पोरीने आणि आरोपीच्या तापट मुलीने काही म्हटलं, तर ऐकणारा आधी दत्तप्रसादकडेच बघणार, की साहेब, खरं का हे?

"त्याने ती एक गोळी मारल्यावर पुढे काय केलं? नीट आठव. अगदी बारीकसारीक सांग."

मितालीने डोळे मिटले. "काही नाही. उठला. गुडघे झाडले. खिशातली वही काढली, लिहिलं आणि..."

"काय लिहिलं?"

"ते तो नेहमीच लिहितो. प्रत्येक गोळीनंतर."

मेरिलने उरलेला चहा दोन कपांत ओतला आणि मितालीसमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. माफी मागायची तिची तीच पद्धत होती.

५

शनिवारी दुपारी कमिटी क्लबच्या पत्र्याच्या खोलीत जमली. पाच माणसं, एक हीटर, चहाचं मोठं पातेलं. भिंतीवर नियमांचा तक्ता, खाली सही दत्तप्रसादची. एलायसने लग्नाला घालतो तो कोट घातला होता.

दत्तप्रसादने स्वतः त्याच्यासाठी खुर्ची आणली. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा माणूस. "अंकल, फक्त सही. कोणी काही बोलणार नाही. मी बघतो."

"पेन माझ्याकडे आहे," मेरिल दारातून म्हणाली. "आधी एक विचारायचंय."

"मेरिल, ही कमिटीची मीटिंग आहे."

"दोन मिनिटं. नो वरीज." ती आत आली. घरून निघताना तिने स्वतःला बजावलं होतं, आवाज चढवायचा नाही. "दत्तप्रसाद, तुमची ती खिशातली वही. रविवारचं पान दाखवता?"

हीटर घरघरत होता. विश्राम चहा ढवळता ढवळता थांबला.

"माझी खासगी नोंद आहे ती," दत्तप्रसाद म्हणाला.

"नऊ वर्षं प्रत्येक गोळी लिहिताय त्यात. विश्राम काका कौतुकाने सांगतात सगळ्यांना. नोंदवहीत तुमच्या दहा आहेत. तुमच्या वहीत किती आहेत?"

मेरिलने त्याच्याकडे बघणं सोडलं आणि बाकीच्यांना सांगितलं, सरळ, स्टेशनांची नावं सांगते तसं. नळी मधे फुटली, मागे नाही, म्हणजे काडतूस बरोबर. मधे फुटली म्हणजे काहीतरी अडकलेलं. अडकलेलं नचिकेतच्या लगेच आधी, नाहीतर आधीच कोणाच्या तरी हातात फुटली असती. मितालीच्या टार्गेटवर सात, मातीत दोन. दहावी तिने मारलेली नाही.

"दहावी मारणाऱ्याने बॅरल वर केलं नाही. गोठलेली सकाळ, चिमूटभर दारू पुढे सांडलेली. गोळी अर्ध्यात राहिली."

"हे सगळं अंदाज आहेत," दत्तप्रसाद म्हणाला. पण त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता. घरून निघताना कुलूप लावलं का हे आठवताना माणूस खिशातली किल्ली चाचपतो, तसा.

"वहीत दहा असतील तर मी इथेच डॅडीला पेन देते. आणि तुमची माफी मागते. ती मी कोणाची मागत नाही, ह्यांना विचारा."

बाहेर कुरणावर मॅगपाय पक्षी ओरडत होता. मग दत्तप्रसादने वही काढली. उघडली नाही. तशीच टेबलावर ठेवली आणि विश्रामकडे सरकवली.

विश्रामने पान शोधलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"अकरा," तो म्हणाला. "दहा स्वतःच्या रायफलच्या. आणि खाली... 'क्लबची रायफल, हलकी, एक. टार्गेटवर दिसत नाही.'"

"पान फाडता आलं असतं तुम्हाला," मेरिल म्हणाली.

"पानांना नंबर आहेत." दत्तप्रसाद टेबलाकडे बघत होता. "आणि ह्या वहीत मी खोटं लिहीत नाही."

"वहीत लिहिलं नाहीत."

तेवढंच ती म्हणाली. उरलेलं त्याला ऐकू गेलं.

"मला वाटलं चुकली," तो म्हणाला. "माझी. नऊ वर्षांत पहिल्यांदा बांधावरसुद्धा दिसली नाही. ती मुलगी शेजारी उभी. मी तिला सकाळभर श्वास कसा धरायचा ते शिकवत होतो. आवाज फुसका आला होता, मला कळलं होतं. मनात म्हटलं, हलकी आहे, असेल असा. नचिकेतने चाप ओढला तेव्हा... तेव्हा समजलं. त्याच क्षणी. बोटं गेली होती त्याची. मी पट्टी बांधत होतो, आणि मनात शब्द जुळवत होतो. अंकलचं वय आहे, लोकांना पटेल. माझी सरकारी नोकरी, सिक्युरिटी क्लिअरन्स, सगळं... मी स्वतः घाबरलो तो किती नीटनेटका घाबरलो."

भिंतीवरच्या तक्त्यावर पहिला नियम होता, नळी कायम बांधाकडे. सहावा होता, आवाज फुसका आला तर थांबा, रायफल रिकामी करा, नळीतून आरपार बघा. एक पाळला, त्याने गोळी अडकली. दुसरा मोडला, त्याने नचिकेतची बोटं गेली. मेरिलला हे त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. कालपासून जिभेवर तयार होतं. पण तो माणूस स्वतःच तक्त्याकडे बघत होता, सहाव्या ओळीकडे, खाली आपली सही होती तिकडे. तिने जीभ आवरली.

बोलला तो एलायस.

"नियम बरोबर आहे तुझा, दत्ता. नळी आभाळाकडे करणं धोक्याचंच आहे. म्हणून मी प्रत्येक वेळी शेजारी उभा राहायचो. रविवारी चर्चला गेलो, नव्हतो." त्याने कोटाचं बटण काढलं, परत लावलं. "खोक्यावर कधी लिहिलं नाही मी, की आधी वर करा. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे. तेवढं माझं. बाकीचं तुझं तू उचल."

दत्तप्रसादने मान हलवली. मग टाइप केलेला कागद त्याने स्वतःच ओढून घेतला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. मराठीत, हाताने. पेन मेरिलनेच दिलं.

६

सोमवारी दत्तप्रसाद पोलिसांकडे गेला. तिथून हॉस्पिटलमध्ये. आत काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. बाहेर आला तेव्हा भांग विस्कटलेला होता, एवढं नर्सने मितालीला सांगितलं आणि मितालीने सगळ्यांना. मितालीच्या फॉर्मवर सही विश्रामने केली. घरच्या काडतुसांचं काय करायचं यावर कमिटी अजून भांडतेय, आणि विश्राम अजून विरोधातच आहे. ते त्याचं मत आहे, असू दे.

नचिकेतने एलायसला बोलावलं. दोघं तासभर बसले. इट्स ओके कोणी म्हटलं नाही. नचिकेतने विचारलं, ती दारू पुंगळीत कशी सांडते ते नीट समजावून सांगा. एलायसने हॉस्पिटलच्या औषधाच्या बाटलीत साखर घालून, आडवी धरून, उभी धरून दाखवलं.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी मेरिल शिफ्ट संपवून आली तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. केळ्याचं खोकं रिकामं. यंत्र टेबलाला परत आवळलेलं, तराजू पुसलेला. एलायस हलक्या गोळ्यांच्या खोक्यांवर मार्करने लिहीत होता, मोठ्या अक्षरात, मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा: आधी बॅरल आभाळाकडे, मग सावकाश खाली. आवाज फुसका आला तर थांबा. आणि खाली, पूर्वीपेक्षा ठळक, ई. तुस्कानो.

"चहा आतच ठेवलाय, झाकून," तो मान वर न करता म्हणाला. "गरम असेल."

ती आत गेली. कप भरला, बाहेर आली, पायरीवर बसली. एलायसने एक खोकं संपवलं, दुसरं घेतलं. मग अचानक त्याचा हात थांबला. मेरिलने कप खाली ठेवला, उठायच्या तयारीत. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. ओठ हलले.

"गॅस," तो म्हणाला.

मेरिल थांबली.

"बंद केलाय मी," एलायस म्हणाला, आणि पुढचं खोकं ओढलं.

ती बसून राहिली. चहा संपेपर्यंत जागची हलली नाही.